कोट्रा, जिल्हा रत्नागिरी

मॉरिशसहून येणाऱ्या चौकशा बहुतेक वेळा एका आकड्यापासून सुरू होतात. तो आकडा म्हणजे एकोणिसाव्या शतकात कराराने मजूर म्हणून तिथे गेलेल्या पूर्वजाचा इमिग्रेशन नंबर. मॉरिशसमधल्या मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये तो दिला की नोंदवहीतली ओळ निघते: नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, परगणा, गाव, जहाज, कुठल्या मळ्यावर पाठवलं. ओसीआय कार्डासाठी, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डासाठी, हा उतारा पुरावा म्हणून चालतो, आणि 2024 मध्ये ती सोय सातव्या पिढीपर्यंत वाढवली गेली. माझ्याकडे येणाऱ्यांची अडचण कार्डाची नसते. त्यांना गाव हवं असतं, कुलदैवत हवं असतं, आणि जमलं तर शिवाजी महाराजांच्या सैन्यातला एखादा मावळाही.

सध्या ज्यांचं काम हाती आहे त्या कुटुंबाच्या उताऱ्यात गावाच्या रकान्यात ‘अंजनवेल’ होतं. एका एजंटाने त्यांना गुहागरजवळच्या अंजनवेलला नेलं, देवळापुढे फोटो काढले आणि ‘हेच तुमचं गाव’ म्हणून पैसे घेऊन मोकळा झाला. त्याने जुना नकाशा उघडायची तसदी घेतली असती तर दिसलं असतं, की 1850 च्या दशकात अंजनवेल हे एका अख्ख्या तालुक्याचंही नाव होतं. तेव्हाचे रत्नागिरीतले तालुके म्हणजे सुवर्णदुर्ग, अंजनवेल, विजयदुर्ग, मालवण असे. आजचा चिपळूण भाग अंजनवेलात मोडायचा. कारकुनाने परगण्याचं नाव गावाच्या रकान्यात उतरवणं ही रोजचीच गोष्ट.

या वह्या वाचताना प्रत्येक रकान्यापुढे एकच विचारायचं: हे कुणाला लागणार होतं? 1842 च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही बंदरं मॉरिशससाठी खुली झाली आणि मजूर नेण्याचा कारभार सरकारी देखरेखीखाली आला. ज्याच्यावर खर्च केला तो माणूस मळा सोडून पळाला तर ओळखू यायला हवा. म्हणून उंची फूट-इंचात आणि व्रण कुठल्या बाजूला, हे नीट लिहिलेलं. वय बघून ठोकलेलं: वीस, पंचवीस, तीस. आडनाव नाहीच, ‘रागू’मागे राघू असेल, रघू असेल नाहीतर राघोबा. पुढे मॉरिशसमध्ये हीच एकेरी नावं आडनावं झाली, त्यामुळे आजचं आडनाव घेऊन कोकणात फिरण्यात अर्थ नाही. आणि गाव? माणूस मेल्यावर मागे पैसे उरले तरच त्याची गरज, म्हणून तोच रकाना सगळ्यात निष्काळजीपणे भरलेला.

उतारा 1850 च्या दशकाच्या मध्याचा. शेऱ्यावरून कळत होतं की हा गडी नवखा नव्हे, आधी येऊन गेलेला ‘जुना’ मजूर. मुंबईकडून होणाऱ्या भरतीत हे नेहमीचंच: मळेवाले जुन्या माणसाला सरदार, म्हणजे मजुरांचा मुकादम, करून त्याच्याच मुलखात पाठवत आणि तो भाऊबंद, शेजारीपाजारी गोळा करून आणी. परत आलेल्याला कधी नवा नंबर मिळे. म्हणजे त्याची आणखी एक नोंद कुठेतरी असणार. आधीच्या दहा-बारा वर्षांतली मुंबईची जहाजं घेऊन आम्ही बापाच्या नावावरून खाली सरकत गेलो. नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे वेगळं आणि वय धरलं तर हिशेब लागत नाही: दहा वर्षांत माणूस पाचच वर्षांनी म्हातारा झालेला. पण उंची दोन्हीकडे पाच फूट तीन आणि उजव्या भुवईवर व्रण. मजुरांच्या फोटोंची पद्धत 1860 च्या दशकाच्या मध्यानंतरची, त्यामुळे आधीच्या माणसाला ओळखायला हा व्रणच.

पहिल्या नोंदीत परगणा कोरा आणि गाव ‘कोट्रा’. किंवा ‘कोक्रा’. मधलं इंग्रजी अक्षर टी की के, यावर गाडी अडली आहे. चिपळूण तालुक्यात कुटरे आहे आणि कोकरेही आहे. त्याच पानावरचे त्या कारकुनाचे सगळे टी आणि के मी वेगळे काढून लावून पाहिले. त्याच्या के चा खालचा पाय घाईत गळतो आणि टी ची आडवी रेघ कधी अक्षराच्या पुढेच जाऊन पडते. मग ओळीतले शेजारी बघितले, कारण एका गावचे लोक बहुधा लागोपाठ उभे असत. दोघांपुढे सावर्डे निघालं, तेही चिपळूण तालुक्यातलंच. भाग ठरला, गाव नाही.

इकडचे कागद तरी सांगतील म्हणावं, तर सातबाऱ्याचा इथे उपयोग नाही. मुलूख खोतीचा, म्हणजे गावचा सारा खोत वसूल करून सरकारात भरायचा, आणि खोतांची मोडी दप्तरं कुणाच्या माळ्यावर आहेत हे त्या घराची मर्जी असेल तरच कळतं. त्यातल्या त्यात आशा 1880 च्या खोती कायद्यानंतरच्या बोटखतांवर, म्हणजे खोती गावातल्या कुळांच्या नोंदींवर. आमचा माणूस त्याआधीच गेलेला, पण मागे राहिलेल्या भावाचं किंवा पुतण्याचं नाव कुळ म्हणून लागलेलं असू शकतं. एका कचेरीत ‘असलं काही नसतं’ असं न उठताच ऐकवण्यात आलं. कपाटं मागच्या खोलीत होती.

“काका, एकच गाव लिहा ना, आम्हाला मुलांना न्यायचंय,” असं त्या घरातल्या सूनबाई म्हणाल्या. अहवालात मी ‘अंजनवेल तालुका, कुटरे अथवा कोकरे’ असंच लिहिलं आणि दोन्ही गावांच्या ग्रामदेवता दिल्या. त्या नाराज झाल्या, ते साहजिक आहे. आता मॉरिशसच्या प्रोटेक्टर कचेरीचा, म्हणजे मजुरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कचेरीचा, मयत मजुरांच्या शिलकीचा पत्रव्यवहार बघायचा आहे. हा गडी सरदार होता, चार पैसे मागे ठेवले असतील, आणि वारसाला पैसे पाठवायचे तर कारकुनाला गाव नीट विचारावंच लागलं असेल.