दुखणं थांबल्यावर नाही, गोळी घेऊन व्यायाम

मामांचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मानेतल्या गाठी पण काढल्या, मग रेडिएशन. दोन-तीन आठवड्यांत तोंड असं आलं की पाणी गिळवेना, आणि नेमकं तेव्हाच फिजिओवाली म्हणते तोंड उघडायचे व्यायाम चुकवू नका! मामी म्हणाल्या, आधी बरं तर वाटू दे त्यांना. पण रेडिएशनने जबड्याचे स्नायू आखडत जातात, थांबलं तर पुढे घास जाईल एवढंही तोंड उघडत नाही. आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, जमेल तशी एकेक वाढवायची, एवढाच व्यायाम, पण दुखत असताना कोण करणार?

खरी अडचण मॉर्फिनची, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या तगड्या वेदनाशामक औषधाची होती. नाव ऐकलं की घरात सगळे गप्प, म्हणजे आता शेवटचंच का, आणि मामा आपले "होतंय सहन". अहो कशाला सहन करायचं? जागतिक आरोग्य संघटना १९८६ पासून सांगतेय की कॅन्सरच्या दुखण्यावर औषध घड्याळाप्रमाणे द्या, दुखायची वाट बघू नका. साधी मॉर्फिनची गोळी दर ४ तासांनी असते. अफूचं पीक आपल्याच देशात सरकारी परवान्याने निघतं आणि गोळी मात्र कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, २०१४ मध्ये कायदा सोपा केला तरी. बहुतेक वेळा हॉस्पिटलच्या पॅलिएटिव्ह (म्हणजे दुखणं-त्रास कमी करणाऱ्या) विभागातून आणावी लागते, म्हणून संपायच्या आधीच जा.

मॉर्फिनने पोट साफ होत नाही, त्यामुळे पोट साफ व्हायचं औषध डॉक्टरांकडून पहिल्या दिवसापासूनच लिहून घ्या. गिळवत नसेल तर साधी गोळी कुटून चालते का ते विचारा, पण एसआर (औषध हळूहळू सोडणारी) लिहिलेली कधीच कुटायची नाही, सगळा डोस एकदम अंगात जातो.

मग आम्ही वेळ बसवली, गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासाने आधी काड्या, मग खांद्याचा व्यायाम (मानेच्या ऑपरेशननंतर खांदा उतरतो, भिंतीवर बोटं चढवत न्यायची), मग पेज. संध्याकाळी बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये दोन फेऱ्या. थकवा आलाय म्हणून झोपूनच राहिलं तर तो वाढतो, हे मामांना पटायला वेळ लागला, शेजारचे काका सोबत चालायला लागल्यावर पटलं, कारण राजकारणावर भांडायला माणूस मिळाला. ताप असला किंवा चक्कर येत असली तर मात्र त्या दिवशी फेऱ्या बंद आणि आधी डॉक्टरांना फोन.