दुसऱ्या महायुद्धाआधीची गाडी विकायची आहे, जाहिरात कुठे देऊ?

हा प्रश्न मला इतक्यांदा येतो की निरोपाची पहिली ओळ वाचली की पुढचं कळतं. "वडिलांची जुनी गाडी आहे, १९२८ सालची, चालू आहे, इंटरनेटवर कुठे टाकू?" मी उत्तर देतो. ते आवडत नाही. "एवढंच? लाखो लोक बघतील असं काही नाही का?" त्यानंतर मी आढ्यताखोर ठरतो, नवख्याला दारात उभं न करणाऱ्यांपैकी एक. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. तुम्ही विचारलंत म्हणून.

माझं उत्तर बरीच वर्षं तेच आहे. गाडी ज्या कंपनीची, त्या कंपनीच्या गाड्यांच्या क्लबात पहिली जाहिरात. जोडीला, गाडी ज्या काळातली, त्या काळाच्या क्लबात. मग प्रीवॉरकारवर, कारण ते संकेतस्थळ याच काळातल्या गाड्यांसाठी निघालं आणि त्याचे वाचक अनेक देशांत आहेत. मग हेमिंग्ज हे अमेरिकी मासिक. ते १९५४ पासून जुन्या गाड्यांच्या छोट्या जाहिराती छापत आलंय आणि आता ऑनलाइनही आहे. लिलावाची संकेतस्थळं गाडी बघून. फेसबुक मार्केटप्लेस, क्रेगलिस्ट, ईबे सगळ्यात शेवटी.

काळ म्हणताना जरा बारकाईने बघा. १९०४ ची गाडी आणि १९३४ ची गाडी, दोन्ही महायुद्धाआधीच्याच, पण त्या घेणारी माणसं एकमेकांना ओळखतही नसतात. १ जानेवारी १९०५ च्या आधी बनलेल्या गाडीला इंग्लंडमधल्या लंडन ते ब्रायटन या जुन्या गाड्यांच्या दौडीत उतरता येतं. त्या दौडीसाठी गाडी शोधणारा माणूस रंग, गाद्या काही बघत नाही. ब्रिटनच्या व्हेटरन कार क्लबने गाडीचं साल प्रमाणित केलंय का, हे तो आधी विचारतो. १९१५ पर्यंतच्या पितळी दिव्यांच्या गाड्यांची मंडळी अमेरिकेतल्या हॉर्सलेस कॅरेज क्लबात भेटतात. पॅकार्ड, ड्युसेनबर्गसारख्या उंची गाड्यांसाठी क्लासिक कार क्लब ऑफ अमेरिका. स्पोर्ट्स गाड्यांसाठी ब्रिटनमध्ये १९३४ साली सुरू झालेला व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब. फोर्ड मॉडेल टी दीड कोटीच्या घरात बनल्या, तेव्हा त्यांचे स्वतःचे क्लब आहेत, आणि तिथली माणसं फोटोतल्या रेडिएटरचं कवच पितळी आहे की काळं, यावरूनच गाडी १९१७ च्या आधीची की नंतरची ते सांगतात. कशातच बसत नसेल तर अँटीक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका. १९३५ चा क्लब आहे, सगळ्या जातीच्या गाड्या तिथे चालतात आणि खरेदी-विक्रीचा विभागही आहे.

आता मोठ्या बाजाराबद्दल. तिथल्या फॉर्मपासूनच अडचण सुरू होते. गाडीचा १७ अक्षरी क्रमांक ही पद्धत अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलांपासून आली. तुमच्या गाडीवर असतो चासीचा, म्हणजे बॉडीखालच्या चौकटीचा, नाहीतर इंजिनचा नंबर, कधी पाच आकडी, कधी सात. मॉडेल टीचा तर इंजिननंबर हाच गाडीचा नंबर. कित्येक फॉर्म तो घेतच नाहीत, आणि कंपनीचं नाव यादीत नसतं म्हणून हडसन किंवा ह्युपमोबिल 'इतर' मध्ये जाऊन पडते, जिथे ती शोधायला कुणी येत नाही. एवढं करून जाहिरात लागली की विचारणा येतात: हप्त्यावर मिळेल का, बदल्यात मोटरसायकल चालेल का. मग येतो गाडी न बघताच पूर्ण रक्कम द्यायला तयार असलेला माणूस. तो जास्तीचा चेक पाठवतो आणि वरचे पैसे त्याच्या वाहतूकदाराला द्यायला सांगतो. चेक खोटा निघतो, तोवर तुमचे खरे पैसे गेलेले असतात. शिवाय तुमचेच फोटो उचलून दुसऱ्या गावाच्या नावाने बनावट जाहिरात लावणारेही आहेत. हे सगळं मी जवळून पाहिलंय. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना मी घाबरट वाटतो.

तरीही माझ्या उत्तराला एक मोठं भोक आहे. ते ज्यांना माहीत आहे ते मला वारंवार दाखवतात, म्हणून ते मीच सांगतो.

माझ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांकडे १९३५ ची रायली नाइन होती. चार दारांची सलून, म्हणजे पक्क्या छपराची बंद गाडी. या गाडीचं १०८७ सीसीचं इंजिन पर्सी रायलीने आखलेलं. दोन्ही बाजूंना वर बसवलेले कॅमशाफ्ट, आखूड पुशरॉड, अर्धगोल ज्वलनकक्ष. इतक्या लहान इंजिनात इतका जीव त्या काळी क्वचित सापडायचा. गिअरबॉक्स विल्सनचा प्रीसिलेक्टर, म्हणजे स्टिअरिंगखालच्या दांड्याने गिअर आधी निवडून ठेवायचा आणि हवा तेव्हा पायाने पेडल दाबायचं. ते गृहस्थ गेले. गाडी कुणाला तरी द्यायला हवी होती. त्यांच्या पत्नीने मला बोलावलं. मुलाचं म्हणणं होतं की सगळ्यात मोठ्या संकेतस्थळावर टाकू, महिन्याभरात विषय संपवू. मी ठाम नको म्हटलं. म्हटलं, ही गाडी कळणाऱ्याच्याच हातात जाईल.

जाहिरात मीच लिहिली आणि क्लबातच दिली. बॉडीच्या पत्र्याआतला सांगाडा अ‍ॅश लाकडाचा. त्या लाकडाची अवस्था दाराच्या फटीवरून कळते. कुजलं की दार बिजागरीच्या बाजूने लोंबतं आणि बंद करताना उचलावं लागतं. या गाडीची चारही दारं बोटाने ढकलली तरी बसत होती. ते मी चित्रित करून टाकलं. दाराच्या आतलं कातडं खाली करून लाकडाचे फोटो काढले.

जो गृहस्थ आला, त्याच्याशी बोलताना मला आनंद झाला होता, हे मी लपवणार नाही. त्याने एकही फालतू प्रश्न विचारला नाही. गाडीखाली झोपून मागचा आस बघितला, उंबरठ्याच्या लाकडाला अंगठ्याने दाबून बघितलं, गिअरबॉक्सचे पट्टे कधी जुळवले होते ते विचारलं. त्या बाईंनी त्याला नवऱ्याची वही दिली. तीत प्रत्येक तेलबदल लिहिलेला होता. सुट्ट्या भागांचे डबे दिले. मागच्या सीटजवळचा एक चामडी पट्टा त्यांनी स्वतः शिवलेला होता, तो दाखवला. तो "छान काम आहे" म्हणाला. गाडी गेली.

पुढच्याच वर्षी त्याच क्लबाच्या जाहिरातींमध्ये एक ओळ आली. रायली नाइन सलूनची पूर्ण बॉडी, दारं, सरकतं छप्पर, सीटा. स्पेशल बांधत असल्याने विकणे. फोटोत तो पट्टा होता.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: रायलीचं इंजिन आणि चासी चांगली म्हणून बंद सलूनची बॉडी उतरवून त्यावर दोन माणसांची उघडी रेसिंगची गाडी, म्हणजे 'स्पेशल', बांधायची, हे कित्येक दशकं चाललंय. ऑस्टिन सेव्हनचंही तेच झालं. उघड्या गाडीला मागणी जास्त, किंमत जास्त, शर्यतीत उतरता येतं. उतरवलेली सलून बॉडी फारशी कुणी घेत नाही. म्हणजे हे काम कळणाऱ्याच हातांनी होतं. गाडीतलं काहीही न कळणाऱ्या माणसाला रायलीच्या चासीची किंमत कळत नाही, म्हणून ती कापायचं त्याच्या मनातही येत नाही. मी ज्या वर्तुळाला सुरक्षित म्हणत होतो, कात्री त्या वर्तुळातच होती.

मी त्याला लिहिलं. त्याचं उत्तर सभ्य होतं. गाडी आता त्याची आहे. सलून म्हणून ती वर्षातून दोनदा बाहेर निघाली असती, आता दर मोसमात धावेल. लाकडाचं काम पुढे कधीतरी निघणारच होतं आणि त्याचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त झाला असता. यातलं शेवटचं वाक्य या गाडीबाबत खोटं होतं, लाकूड मी स्वतः उघडून पाहिलं होतं. पण बाकीच्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. ती गाडी खरंच धावते. मी तिचं इंजिन ऐकलंय, उत्तम चालतं.

मुलाने मला त्या जाहिरातीचा फोटो पाठवला, खाली एकच ओळ: "हेच ना तुमचे जाणकार?" त्याच्या आईने फोन करून निदान दारं परत विकत मिळतील का, असं विचारलं. मी चौकशी केली. तोवर बॉडी मोडली होती. हे त्यांना फोनवर सांगताना त्या काही बोलल्या नाहीत. मीच बोलत राहिलो, स्पेशल म्हणजे काय, लोक ते का करतात, हे समजावत राहिलो. नवऱ्याच्या गाडीबद्दल त्यांना ते ऐकायचं नव्हतं.

मुलाचं म्हणणं मी खूपदा मनात उलटसुलट केलंय. खुल्या बाजारात टाकली असती तर कुणी हौशी कुटुंबाने घेतली असती, मुलांना मागे बसवून फिरवली असती. शक्य आहे. माझ्या ओळखीतल्या एका तरुणीने फेसबुक मार्केटप्लेसवर ताडपत्रीखालची १९३० ची फोर्ड मॉडेल ए बघितली आणि घेतली. तेव्हा तिला ठिणगीचा दांडा, म्हणजे इंजिनात ठिणगी कधी पडावी ते हाताने ठरवणारा दांडा, माहीत नव्हता. आज ती स्टिअरिंगजवळचा तो डावा दांडा इंजिनच्या आवाजावर वरखाली करते, आणि गाडीचा एकही पत्रा तिने बदललेला नाही. ती कुठल्याच क्लबात नव्हती. माझा क्रम पाळला असता तर ती जाहिरात तिला दिसलीच नसती. पूर्वी मी ठणकावून सांगायचो की खुल्या बाजारात फक्त भंगारवाले आणि ठग असतात. त्या माझ्याशी आज मी सहमत नाही. पण क्रम मात्र तोच सांगतो, कारण दुसऱ्या बाजूची उदाहरणं माझ्यासमोर जास्त आहेत: गिअर बदलताना वेग हाताने जुळवावा लागतो अशा जुन्या क्रॅश गिअरबॉक्सचे दाते उडवून वर्षभरात गाडी पुन्हा विकायला काढणारे, सहा व्होल्टच्या वायरिंगला बारा व्होल्टची बॅटरी लावून दिवे जाळणारे. गाडीवर प्रेम असूनही हे होतं. कुणी शिकवायलाच नसतं.

लिलावाच्या संकेतस्थळांबद्दलही विचारता. ब्रिंग अ ट्रेलर २००७ साली सुरू झालं आणि २०१४ पासून स्वतः लिलाव चालवतं. तिथे कुणीही जाहीर शेरे लिहितो आणि विकणाऱ्याने त्यांना उत्तरं द्यायची असतात. स्वतः गाडी वापरलेला माणूस असेल तर हे फार चांगलं. कार्ब्युरेटर दुसऱ्या सालचा आहे हे कुणीतरी ओळखतो, तुम्ही मान्य करता, आणि बोली लावणाऱ्यांचा विश्वास वाढतो. पण गाडी वारशाने आलेली, तिच्याबद्दल काही माहीत नाही, अशा वारसाने तिथे जाऊ नये. दोन प्रश्नांना उत्तर आलं नाही की गाडीत काहीतरी लपवलंय असा समज होतो, आणि तो पुसता येत नाही.

कुठेही दिलीत तरी जाहिरात नीट लिहा, कारण निम्म्या गाड्या जाहिरातीमुळेच पडून राहतात. "दुर्मीळ, सुंदर, एकदा बघाच" याने काही कळत नाही. चासीच्या पट्टीचा आणि इंजिननंबरचा फोटो द्या. तो कागदावरच्या नंबराशी जुळत नसेल तर तसं लिहा, पुढे परवाना कार्यालयात अडण्यापेक्षा ते बरं. थंड इंजिन सुरू करतानाचा न कापलेला व्हिडिओ द्या, आणि इंजिन तापल्यावर तेलाच्या दाबाचा काटा कुठे राहतो तो दाखवा. बेअरिंगचं बॅबिट, म्हणजे आतलं मऊ धातूचं अस्तर, कधी ओतलंय, माहीत असेल तर लिहा. गाडीखालचे फोटो, दारांच्या फटी, लाकडी आऱ्यांची चाकं हलतात का. टायरवर नक्षी असेलही, पण ते किती जुने आहेत ते सांगा, आणि रिम कोणत्या जातीची, तेही. ब्रेकची ओतीव डबी तडकली असेल तर तडा दाखवा. काय मूळचं नाही, ते आधी लिहा. किंमत लिहा. "किंमत विचारल्यावर" असं वाचून गंभीर माणूस पुढे जातो, रिकामटेकडा फोन करतो.

आता हल्लीचा प्रश्न, तो त्या रायलीची हकिगत ऐकलेले विचारतात: बॉडी कापणार नाही, अशी अट घालता येते का? लिहायला घालता येते. व्यवहार झाला, गाडी त्याच्या नावावर गेली, की ती पाळायला लावणं जवळजवळ अशक्य. तरी मी मदत करतो त्या बंद गाड्यांच्या जाहिरातीत एक ओळ घालतो, की सलून म्हणूनच ठेवणाऱ्याला प्राधान्य. गेल्या खेपेला त्या ओळीमुळे सगळ्यात चांगली किंमत सांगणारा माणूस मागे फिरला. गाडी अजून तशीच उभी आहे, दुसरा कुणी आलेला नाही, आणि त्या घरचे लोक ओळ काढून टाका म्हणतायत. गाडी त्यांची आहे. त्यांना काय सांगायचं, ते माझं अजून ठरलेलं नाही.