हीप सॉर्टचा लूप मागून पुढे का येतो

परवा रात्री अकराला मावसभावाचा फोन, दादा उद्या व्हायवा आहे, हीप सॉर्टचा कोड पाठ झालाय पण हीप बनवताना लूप मागून पुढे का येतो असं विचारलं तर काय सांगू. मी म्हटलं पुस्तक मिट आणि व्हिडिओ कॉल लाव. मला हा प्रश्न फार जवळचा आहे, कारण मला हीप सॉर्ट खरा कळला तो याच एका ओळीपाशी. हीप सॉर्ट म्हणजे आकड्यांचं एक झाड, म्हणजे हीप, बांधायचं आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा एकेक करून काढत यादी चढत्या क्रमाने लावायची.

दोघांनी आपापल्या घरी जुन्या लग्नपत्रिकेच्या सात सात चिठ्ठ्या कापल्या, मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे लिहिले आणि जमिनीवर ओळीत मांडले: १२, ३५, ८, ४१, २०, १७, २९. ही ओळ म्हणजे आपला ॲरे, मेमरीतली आकड्यांची सलग रांग. मग त्याच चिठ्ठ्या झाडासारख्या लावल्या, वर १२, त्याखाली ३५ आणि ८, तळाला उरलेले चार. आता हे झाड मेमरीत वेगळं कुठेच नसतं हां, एकमेकांचा पत्ता सांगणारे पॉइंटर नाहीत काही नाही, इंडेक्स, म्हणजे शून्यापासून मोजलेला जागेचा नंबर, आय असेल तर डावं मूल २आय + १ वर आणि उजवं २आय + २ वर, एवढ्या हिशोबावर अख्खं झाड उभं असतं. १९६४ साली जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी ही कल्पना मांडली आणि मला अजूनही ती तितकीच सुंदर वाटते.

मॅक्स हीप म्हणजे सगळ्यात मोठा आकडा वर असलेला हीप, त्याची अट एकच, बाप दोन्ही मुलांपेक्षा लहान नको. हीपिफाय फंक्शन काय करतं, तर बाप आणि दोन मुलं यात मोठं कोण ते बघतं, मूल मोठं असेल तर अदलाबदल करतं आणि खाली गेलेल्या आकड्याच्या मागे मागे तेच परत करत जातं. आकडा खाली खाली उतरतो, वर कोणालाच नेऊन बसवत नाही, म्हणजे अदलाबदलीत एखादं मूल एक पायरी चढतं तेवढंच. खरी गोम इथे आहे. हीपिफाय असं धरून चालतं की खालची दोन्ही पोटझाडं आधीच नीट लागलेली आहेत.

भावाला सांगितलं, मुद्दाम पुढून सुरू कर. आधी १२, त्याची मुलं ३५ आणि ८, तर ३५ वर आला, १२ खाली गेला, तिथे ४१ मोठा म्हणून अजून एक अदलाबदल. मग इंडेक्स १, तिथे आता ४१ बसलाय, खाली १२ आणि २०, सगळं ठीक. इंडेक्स २ वर ८ आणि २९ बदलले. लूप संपला. वर बघ म्हटलं. वर ३५ आणि त्याच्या खाली ४१! तो दोन मिनिटं गप्पच बसला, मग म्हणाला, अरे ४१ ला वर यायला कोणी परत बोलावलंच नाही. बरोब्बर!

मग तेच मागून. एन म्हणजे एकूण आकडे, तर शेवटचा बाप एन भागिले २ (अपूर्णांक सोडून) वजा १, म्हणजे सातासाठी इंडेक्स २. तिथे ८ आणि २९ बदलले, इंडेक्स १ ला ३५ आणि ४१ बदलले, शेवटी मुळाशी, म्हणजे झाडाच्या सगळ्यात वरच्या जागी, १२ दोन पायऱ्या उतरला. हाती आलं ४१, ३५, २९, १२, २०, १७, ८. एकूण चार अदलाबदली. तळाच्या चौघांना मुलंच नाहीत म्हणून त्यांना काही काम नाही, वरच्या दोघांना जास्तीत जास्त एकेक पायरी, मुळाला दोन. म्हणून तर हीप बनवायला फक्त ओ ऑफ एन लागतं, म्हणजे काम आकड्यांच्या संख्येच्या प्रमाणातच वाढतं, त्याहून वेगाने वाढणारं एन लॉग एन नाही. ही मागून बांधायची युक्ती रॉबर्ट फ्लॉइड यांची, तीही १९६४ चीच.

पुढचं सोपं. मुळाचा ४१ शेवटच्या ८ शी बदलायचा, ४१ कायमचा जागेवर, हीपची साइज एकने कमी, ८ ला खाली उतरवायचं, की ३५ वर येतो. असं करत राहायचं. इथे भावाच्या कोडमध्ये हीपिफायला कमी झालेली साइज द्यायच्या ऐवजी दर वेळी एनच दिला होता. चिठ्ठ्यांवर चालवून बघितलं, पहिल्या फेरीत काहीच बिघडलं नाही पण दुसऱ्या फेरीत १७ उतरत इंडेक्स २ वर आला आणि त्याने जागेवर बसलेला ४१ परत वर ओढला. असा बग कोड नुसता वाचून सापडत नाही, हाताने चालवावंच लागतं.

वेग म्हणाल तर वर्स्ट केसलाही एन लॉग एन आणि जास्तीची मेमरी जवळजवळ शून्य. पण ॲरेत लांब लांब उड्या असल्यामुळे कॅशला, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीला, त्रास होतो, म्हणून नेहमीच्या डेटावर चांगला लिहिलेला क्विक सॉर्ट, ही क्रम लावायची दुसरी पद्धत, सहसा पुढे जातो. १९९७ च्या इंट्रोसॉर्टमध्ये डेव्हिड मसर यांनी दोन्ही जोडले, क्विक सॉर्ट फार खोल जायला लागला की हीप सॉर्टकडे वळायचं.

साडेबाराला भावाने स्वतःहून विचारलं, दादा हा स्टेबल का नाही मग? स्टेबल म्हणजे सारख्या आकड्यांचा आपसातला क्रम तसाच राहणं. म्हटलं दोनच चिठ्ठ्या घे, दोन्हीवर २० लिही, एक निळ्या पेनने एक लाल. निळा पुढे ठेव. हीप आधीच लागलेला आहे, आता मूळ शेवटाशी बदल. त्याने बदललं, लाल पुढे आला, निळा मागे गेला, आणि फोनवर नुसतं "ओहोऽऽ" ऐकू आलं.