रेकॉर्डरचं मागचं भोक

आपल्या बासरीला मागे भोक नसतं, त्याची गरजच पडत नाही. तार सप्तकात जायचं तर ओठ आवळायचे, फुंकेचा झोत बारीक आणि वेगवान करायचा. रेकॉर्डर म्हणजे तोंडात चोच धरून उभी वाजवायची पाश्चात्य बासरी, तिच्यात ही सोय नाही. चोचीत हवेची वाट कायमची कोरलेली असते, ओठांना तिथे काही करता येत नाही. ते काम डाव्या अंगठ्याकडे येतं. पुढे सात भोकं, मागे एक. आणि शिकणाऱ्याचं निम्मं दुखणं त्या मागच्या एकात असतं.

सोप्रानो, म्हणजे नेहमीचा लहान रेकॉर्डर घ्या. स्वरांची नावं इथे पाश्चात्य आहेत: सी, डी, ई, एफ, जी, ए. मागचं भोक बंद करून पुढची वरची पाच बोटं ठेवली की खालचा ई वाजतो. बोटं तशीच ठेवून अंगठ्याकडे जेमतेम फट उघडली की वरचा ई. खालचा स्वर घुमायला नळीच्या मध्याच्या आसपास हवेचा दाब चढावा-उतरावा लागतो. तिथेच गळती झाली की तो टिकत नाही आणि वरचं सप्तक बोलतं. खरं तर प्रत्येक स्वरासाठी ही गळती वेगळ्या जागी हवी, पण भोक एकच. ही तडजोड फट बारीक असेल तरच खपते. फट मोठी झाली की स्वर चढतो, हवा सळसळते, कधी स्वर फुटतोच. फारच बारीक राहिली तर खालचा ई परत डोकं वर काढतो. अंदाज म्हणून एक मिलिमीटरच्या आतच राहावं.

अंगठा भोकावर सपाट नको, तिरका हवा. फट करताना तो खाली ओढायचा नाही. पेर किंचित वाकवायचं, म्हणजे नखाची कड भोकात टेकते आणि वरच्या काठाशी फट उरते. नख लांब असेल तर बंद भोकही गळतं, म्हणून डाव्या अंगठ्याचं नख आखूड ठेवा. काही जण पेर न वाकवता अंगठा फक्त कलता करतात, तेही चालतं. दाबून धरणं मात्र नको, अंगठा आखडला की बारीक हालचाल संपलीच. वाद्याचा भार उजव्या अंगठ्याने आणि खालच्या ओठाने पेलायचा.

सराव खालच्या-वरच्या ई, जी आणि ए या जोड्यांवर करा, कारण तिथे पुढची बोटं बदलत नाहीत. एफ मागाहून घ्या. बरोक पद्धतीत, म्हणजे बोटं ठेवण्याच्या एका रूढ पद्धतीत, वरच्या एफची बोटं खालच्या एफपेक्षा वेगळी आहेत. सगळ्यात अडचणीची जागा डी वरून ई. वरच्या डीला अंगठा पूर्ण उचललेला असतो, तो थेट फटीवर उतरायला हवा. आधी पूर्ण बंद, मग फट असं केलंत तर मध्ये घोगरा आवाज ऐकू येतो. स्वर येत नाही म्हणून जोरात फुंकणं हा उपाय नव्हे, त्याने फक्त चिरकतं.

खालचा सी वर उडी मारत असेल तर आधी अंगठाच तपासा, बहुतेकदा तोच नकळत सरकलेला असतो.

लाकडी रेकॉर्डरमध्ये नख आणि घाम यांनी भोकाचा काठ झिजतो. मग अंगठा नीट असूनही गळती होते. कारागीर तिथे भोक मोठं करून कठीण पदार्थाचं नवं कडं बसवून देतात. कानशीने स्वतः काठ सारखा करायला जाऊ नका, भोक आणखी मोठं होईल. प्लास्टिकच्या वाद्यांना हा त्रास फार कमी.

लग्नाच्या बँडमधल्या क्लॅरिनेटला अंगठ्याचं भोक असतं, पण तिथे सप्तक बदलायला त्याच्याच वर वेगळी चावी असते. अंगठा भोक बंद ठेवूनच टोकाने चावी दाबतो, आणि स्वर आठव्याऐवजी बाराव्या पायरीवर जातो. रेकॉर्डरवाल्याची सवय तिथे उपयोगी पडत नाही.