आधी गच्ची, मग कूलर, बाकी सगळं नंतर

मार्च सरता सरता ग्रामपंचायतीत, सोसायटीत, बँकेच्या शाखेत, कृषी सेवा केंद्रात एकच काम निघतं: माळ्यावरचा कूलर खाली काढा, ताट्या बदला, पंप चालतो का बघा. आपल्याकडच्या हापिसात उन्हाळ्यात वीज आणि पाणी सर्वांत जास्त खपतं ते याच डब्यात. ‘कागद वाचवा’चा फलक लावायला हरकत नाही, पण बचत सुरू करायची ती इथून. आणि कूलरवरचा भार कमी करायचा तर त्याच्याही आधी गच्चीवर चढायला हवं.

स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि दुपारी तीननंतर तेच खाली सोडत बसतो. त्यावर स्वस्त उपाय म्हणजे चुना. एक किलो चुनकळीला, म्हणजे न विझवलेल्या चुन्याला, पाच लिटर पाणी. लोखंडी ड्रम घ्या, प्लास्टिकची बादली नको, कारण चुनकळी उकळायला लागली की बादली मऊ पडते. पाण्यात चुनकळी थोडी थोडी सोडायची. चुनकळीवर पाणी ओतलं तर शिंतोडे थेट डोळ्यात उडतात. चोवीस तास भिजू द्या, जाड कापडातून गाळा आणि गाळलेल्या चुन्यात लिटरमागे चार ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला. गच्ची झाडून, पाणी मारून, संध्याकाळी लावा. भर उन्हात तापल्या स्लॅबवर मारलेला चुना तडकन सुकतो आणि आठ दिवसांत पावडर होऊन उडतो. दोन-तीन हात पुरतात. पावसाळ्यात तो धुऊन जाणारच, म्हणून हे काम दरवर्षी मार्चमध्ये.

टिनावर मात्र चुना नको. तो धरत नाही, शिवाय जस्ताचा थर खातो. टिनाला पांढरा उष्णतारोधक पेंट द्या, नाहीतर वर वीतभर उंच चौकट करून तुराट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचे, ताटवे टाका. मधल्या फटीतून वारा खेळला तरच फायदा; तुराट्या थेट टिनाला टेकवल्या तर निम्मा गुण गेला. तिथून वायर जात असेल तर हा उद्योग करूच नका, वाळल्या तुराट्यांना एक ठिणगी पुरते. फुकट मिळते म्हणून पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, वापरायचा मोह होतो. तिच्यातल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात शेजारच्या कपाशीवर उतरते. तेव्हा पऱ्हाटी नाहीच.

आता कूलर. तो खिडकीबाहेर, सावलीत, बाहेरची कोरडी हवा ओढेल असा ठेवायचा. खोलीत ठेवून दार लावलं की तो तीच ओली हवा फिरवत राहतो. तासाभरात अंग चिकट आणि रजिस्टरची पानं दमट. जेवढी हवा आत येते तेवढी बाहेर जायला समोर कूलरच्या तोंडाएवढी तरी खिडकी उघडी हवी. कागदाची पट्टी त्या खिडकीशी धरा. ती बाहेरच्या बाजूला फडफडली तर ठीक, लोंबकळत राहिली तर अजून उघडा.

वुडवूलच्या, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंच्या, ताट्या महिन्याभरात खाली बसतात. वरच्या चार बोटांच्या पोकळीतून गरम हवा सरळ आत शिरते आणि लोक म्हणतात कूलर बिघडला. ताटी उघडून वूल पुन्हा सारखं पसरा, मधोमध तारेने बांधा. वरच्या पन्हळीची भोकं क्षाराने बुजतात, ती खिळ्याने मोकळी करा. खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या पूर्णाकाठच्या खाऱ्या पाण्याच्या भागात, हे आठवड्यालाच करावं लागतं. पाणी उडून जातं, मीठ टाकीतच राहतं. म्हणून नुसती भर घालत राहू नका, आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा. एरवी हे पाणी कडुनिंबाला चालतं. खारपाणपट्ट्यात मात्र आळ्यात ओतू नका, त्यात मीठ आणखी घट्ट झालेलं असतं.

टाकी रिकामी करताना आतल्या भिंती ब्रशने घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोनमहिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. नुसतं पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत.

मोठा कूलर नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, दिवसाला शंभर लिटरच्या वर पाणी सहज पितो. टँकरच्या गावात हे डोळ्यांवर येतं. म्हणूनच आधी चुना. आणि मृग बरसला, हवा ओली झाली की पंप बंद करा, नुसता पंखा चालवा. दमट हवेत ताटी भिजवून गारवा मिळत नाही.

शॉकचं तर दर उन्हाळ्यात ऐकू येतंच. लोखंडी बॉडी, पाणी आणि टेप गुंडाळलेली वायर. तीन पिनांचा प्लग, टाकीच्या आत एकही जोड नाही, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच), आणि पाणी भरण्याआधी प्लग काढलेला. अर्थिंगच्या खड्ड्याकडे कोणी बघत नाही. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, सळईपासून सुटते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. त्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी टाका.

पंख्यांचं थोडक्यात. जुना पंखा 75 वॉट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा) 30 च्या आसपास. सहा पंखे आठ तास चालले तर दिवसाला दोन युनिट वाचतात, आणि लाईन गेल्यावर इन्व्हर्टर जास्त वेळ साथ देतो. सगळे एकदम बदलायची गरज नाही, जो जळेल तो बदला. एक चूक जवळपास सगळीकडे होते: भिंतीवरचा जुना रेग्युलेटर तसाच राहतो आणि पंख्यातलं सर्किट उडतं. रेग्युलेटर काढून वायर थेट स्विचला जोडून घ्या.

पाण्याच्या कॅनऐवजी दोन रांजण, झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं. रांजण बाहेरून तेलकट झाला किंवा रंगवला की पाझर बंद आणि पाणी कोमट. रंगवायची हौस कुंड्यांवर भागवा. चहाला काचेचे ग्लास. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो, तो खतात कुजत नाही. चहाचा चोथा मात्र झाडांना द्या, पण साखर धुऊन, नाहीतर मुंग्या कुंडीतून थेट कपाटापर्यंत रांग लावतात.