परीक्षा न देणाऱ्या माणसासाठी समाजशास्त्राचं पुस्तक

आमच्या वाचनालयात समाजशास्त्र मागणारी माणसं ठरलेली आहेत. एक तर बीए-एमएची मुलं, तीही परीक्षेच्या तोंडावर, नाहीतर अभ्यासिकेतली यूपीएससीवाली ज्यांनी तो ऑप्शनल घेतलाय. दोघांनाही खरं तर पुस्तक नको असतं, नोट्स हव्या असतात. त्यामुळे पिग्मीवाले काका काउंटरला आले, खांद्यावरची बॅग आणि पावतीचं मशीन बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, समाज कसा चालतो याचं सुरुवातीपासून सांगणारं पुस्तक द्या, पण मला परीक्षा नाही द्यायची," तेव्हा मी हातातलं सगळं काम ठेवून त्यांच्याकडे बघितलं.

काका एका पतसंस्थेचे एजंट, गेली कित्येक वर्षं तीच बाजारपेठ रोज पायी फिरतायत. त्यांचा प्रश्न असा होता, की भाजीवाली मावशी रोज न चुकता पन्नास रुपये काढून ठेवते आणि चांगला गल्ला असलेला हार्डवेअरवाला रोज "उद्या या" म्हणतो, हे एक वेळ स्वभावावर ढकलता येतं. पण एका ओळीत एका टेलरने खातं उघडलं की त्याच ओळीतले आणखी तीन-चार उघडतात, एकाने बंद केलं की पाठोपाठ बाकीचेही बंद करतात, आणि समोरच्या ओळीला याचा पत्ताच नसतो. "आता हा काही एकेकाचा स्वभाव नाही ना? याचं काही शास्त्र असेलच की." मुलगी बीएला आहे म्हणून तिचं गाईड वाचून झालं होतं. म्हणाले, पाठ होतं हो, पण कळत काहीच नाही.

खरंच कसं कळणार? मी स्वतः एमए समाजशास्त्र करून मग बी.लिब. केलंय, ती पुस्तकं मला तोंडपाठ आहेत. अर्थ, व्याख्या, वैशिष्ट्ये, महत्त्व, मग टीका, मग समारोप. समाजशास्त्राला नाव देणारा ऑगस्ट कॉम्त कुठे जन्मला हे पहिल्या पानावर, आणि त्याला नेमका प्रश्न काय पडला होता ते कुठेच नाही. आपल्या प्राध्यापकांनी पिढ्यान्पिढ्या पेपरातल्या प्रश्नासाठी पुस्तकं लिहिली, कारण ती खपतात. ज्याला नुसतं समजून घ्यायचंय त्याच्यासाठी कुणी बसून लिहीत नाही, याचा मला मनापासून राग आहे. वाचनालयाची खरेदीही तशीच होते, विक्रेता यादी देतो, कमिशन किती ते बघून यादीवर खुणा होतात आणि वर्षाच्या शेवटी अनुदान संपवायचं म्हणून गठ्ठे येतात.

त्यात आमचं ड्युई वर्गीकरण, म्हणजे विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावायची पद्धत. रोजच्या कामाला उत्तम, पण नवशिक्याला त्यात काही सापडेल तर शपथ. समाजशास्त्र 301, ते कपाट काकांना दाखवलं तर तिथे क्रमिक पुस्तकंच. मार्क्स 335 ला अर्थशास्त्रात. जातीवरचं सगळं 305 ला. द्युर्केमचा आत्महत्येवरचा अभ्यास कुणीतरी 362 ला समाजकल्याणात टाकलेला. चार कपाटं फिरून पुस्तकं टेबलावर आणली, एकेक चाळलं आणि काकांना म्हटलं, एकच पुस्तक आत्ता तरी नाही, पण वाट दाखवते.

सुरुवात द्युर्केमपासून केली. 1897 साली या फ्रेंच माणसाने आत्महत्येसारखी सगळ्यात खासगी गोष्ट घेतली आणि आकडे लावून दाखवलं, की प्रत्येक समाजाचं प्रमाण वर्षानुवर्षं बरंचसं तेच राहतं, प्रोटेस्टंटांत कॅथलिकांपेक्षा जास्त, एकट्यांमध्ये संसारवाल्यांपेक्षा जास्त. म्हणजे माणूस ठरवतो एकटा, पण त्याला धरून ठेवणारं किंवा मोकळं सोडणारं काहीतरी बाहेर असतं. काका लगेच म्हणाले, "हेच, टेलरच्या ओळीसारखं."

मग डॉ. आंबेडकरांचा जातिसंस्थेवरचा निबंध, 9 मे 1916 ला कोलंबिया विद्यापीठात वाचलेला, तेव्हा बाबासाहेब पंचवीस वर्षांचे होते. मराठी अनुवादाची पातळ पुस्तिका आमच्याकडे आहे. लोक हा निबंध फक्त जातीपुरता वाचतात, मला तो थिअरी शिकायला सगळ्यात चांगला वाटतो, कारण जातीचं मूळ लक्षण जातीतल्या जातीत लग्न हे आधी नक्की केलंय, मग ते टिकवायला काय काय करावं लागतं ते एकेक पायरीने दाखवलंय. आणि एका गटाने दार लावून घेतल्यावर बाकीच्यांनी त्याचं अनुकरण कसं केलं हे सांगताना टार्द या फ्रेंच अभ्यासकाचा आधार घेतलाय, अनुकरण वरून खाली जातं आणि अंतर जितकं कमी तितकं जोरात होतं. काकांनी ती पुस्तिका नेली आणि पुढच्या गुरुवारी, म्हणजे बाजार बंद असतो तेव्हा, तोच परिच्छेद पेन्सिलीने खूण करून आणला (पुस्तकावर खुणा केलेल्या मला चालत नाहीत, पण काही बोलले नाही). समोरची ओळ का बदलत नाही, याचं उत्तर त्यांना तिथे दिसलं होतं.

खरी अडचण मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाला आली. विश्वकोशातली नोंद प्रिंट काढून दिली आणि 1904-05 च्या त्या प्रसिद्ध लेखमालेचं तोंडी सांगितलं, की कॅल्विनपंथी, म्हणजे प्रोटेस्टंटांमधल्या एका पंथाच्या लोकांना मोक्षाची खात्री नव्हती, त्या काळजीतून ते काटेकोर कष्ट करत राहिले, चैन केली नाही, नफा परत धंद्यात घातला, आणि आधुनिक भांडवलशाहीला लागणारी वृत्ती त्यातून तयार झाली. काकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, माझी भाजीवाली काटेकोरच आहे, पण ती धंदा वाढवायला नाही साठवत, पोरीच्या लग्नाला साठवते. मग ती कुठे बसते?"

एमएच्या दोन वर्षांत आमच्या वर्गात असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मला आठवला तो फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्द्यू. त्याने अल्जीरियातल्या कबाइल शेतकऱ्यांबद्दल नेमकं हेच लिहिलंय, की उद्याच्या ठरलेल्या गरजेसाठी धान्य बाजूला काढणं वेगळं, आणि अजून न दिसणाऱ्या भविष्यात पैसे गुंतवणं वेगळं, पहिलं करणारा माणूस दुसरं करेलच असं नाही. पण बोर्द्यू आमच्याकडे फक्त इंग्रजीत, आणि तीही वाक्यं अशी की पानाच्या तळाशी पोचेपर्यंत वरचं विसरतं. ते पुस्तक काकांच्या हातात देणं म्हणजे त्यांना परत पाठवणंच झालं असतं.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. वाचकाला तुकडे द्यावेत की एक सलग पुस्तक हवंच? तुकड्यांनी काका विचार करायला लागले हे खरं, पण मार्क्सने काय म्हटलं, वेबरने त्याला कुठे छेद दिला, नंतरच्यांनी वेबरला कुठे अडवलं, हे भांडण एका जागी दिसल्याशिवाय थिअरी कशाला लागते तेच कळत नाही. आणि दर गुरुवारी काउंटरला मी असेनच असं नाही.

समितीकडे वेगळी यादी दिलीय, कमिशन कमी मिळालं तरी चालेल असं तोंडावर सांगून. तोवर बोर्द्यूवर मीच थोडी पानं लिहायला घेतलीत, साध्या मराठीत, काकांच्याच बाजारपेठेतली उदाहरणं घालून. अल्जीरियाचा भाग झालाय, 'हॅबिटस', म्हणजे आपण वाढतो त्या परिस्थितीतून अंगात मुरलेली वागण्या-विचाराची सवय, कसा सांगायचा तिथे सध्या अडलंय.