चावडी की ओसरी?

चैत्रातली जत्रा होऊन चार दिवस झाले असतील. एक तिशीतला पोरगा ऑफिसात आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "साहेब, माझ्यावर बंदी आली."

मला वाटलं तडीपारी. तालुका कोर्टात वकिली करणाऱ्याला दुसरं काय सुचणार?

त्यानं फोन पुढे केला. पाण्याची पाळी, लाईट कधी जाणार, कुणाची म्हैस हरवली, मयत किती वाजता निघणार, सगळं गाव त्याच्या पेजवर बघायचं. जत्रेतल्या कुस्त्यांचे फोटो टाकले आणि लंगोटातले पैलवान कंपनीच्या यंत्राला नागडे दिसले. पेज गायब. अपिलाचं बटण दाबलं, तर चार मिनिटांत फेटाळलं. आमच्याकडे एवढ्या वेळात पुकारासुद्धा होत नाही.

"हायकोर्टात रिट टाकू. कलम १९, बोलायचं स्वातंत्र्य," तो म्हणाला.

रिट सहसा सरकारविरुद्ध, हे समजावताना मी त्याला अलाबामातल्या चिकसॉची गोष्ट सांगितली. अख्खं गाव एका जहाजबांधणी कंपनीच्या मालकीचं. ग्रेस मार्श या बाईंनी तिथल्या फुटपाथवर धर्मपत्रकं वाटली म्हणून अटक झाली. १९४६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. जागा कंपनीची असली, तरी गाव ते गावच.

"मग झालं की!"

नाही झालं. २०२० मध्ये अमेरिकेतल्याच एका अपील कोर्टानं यूट्यूबला सरकार मानायला नकार दिला. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाच्या २०२३ च्या कौशल किशोर निकालात बहुमतानं कलम १९ खासगी व्यक्तींविरुद्धही चालेल म्हटलंय खरं, पण तिथून याच्या पेजपर्यंतची वाट लांब आणि खर्चिक.

"चावडीवरनं उठवलं असतं, तर कोण उठवतंय ते तरी दिसलं असतं," तो म्हणाला.

मला सोशल मीडिया ही चावडी वाटत नाही. वाड्याची ओसरी आहे, मालक वेगळा. सगळ्या चाव्या सरकारकडे द्याव्यात, हेही मला पटत नाही. पण गाव जिथं बसतं तिथून उठवताना कारण सांगायला नको?

२०२१ च्या आयटी नियमांत ते आहे: मोठ्या सोशल मीडिया कंपनीनं स्वतःहून मजकूर काढण्याआधी कारण कळवायचं, म्हणणं ऐकायचं. तक्रार अधिकाऱ्याला ७ दिवस, त्यानंतर ३० दिवसांत सरकारी अपील समिती. दोन पानी तक्रार केली, पैलवानांचा फोटो जोडला.

तो उठला तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडे ग्रामसेवक भाऊसाहेब. आवाज मलाही ऐकू आला.

"अरे, उद्याच्या ग्रामसभेची नोटीस पेजवर टाकलीस का?"